चाक दिलंत, फोटो काढलात. ग्लेझचं गणित कोण देणार?

आज खड्ड्यांवर लिहीत नाही. हायवेवरही नाही. त्यावर लिहून लिहून माझाच की-बोर्ड खड्ड्यात गेलाय. आज एका पेन ड्राइव्हवर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या रत्नागिरी तालुक्यातल्या एका गावात कुंभाराचं एक घर आहे. गावाचं आणि घराचं नाव देत नाही, मुलाला उगाच त्रास नको. आजोबा मडकी करायचे, वडील माठ, चुली, पणत्या आणि गणपतीच्या सीझनला मूर्ती करतात. मुलगा बी.कॉम. झालाय. मुंबईला दोन वर्षं नोकरी करून परत आला. त्याला वाटलं, आपण नुसती लाल माती का विकायची? गणपतीपुळ्याच्या बाजूला होमस्टे वाढतायत, त्यांना चहाचे मग हवेत. लोणची, आगळ विकणाऱ्या बचत गटांना छोट्या बरण्या हव्यात. म्हणजे चकचकीत, आतून-बाहेरून ग्लेझ केलेलं भांडं. कर्ज काढून गॅसची छोटी भट्टी घेतली. एका प्रशिक्षणाला जाऊन आला. कुठल्या संस्थेचं तेही लिहीत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाहीच.

प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं, ग्रुप फोटो झाला आणि सरांनी सगळ्यांना एक फोल्डर कॉपी करून दिलं. ग्लेझची रेसिपी काढायचं सॉफ्टवेअर. सोबत एक नोटपॅडची फाइल, तिच्यात चोरीची की. इन्स्टॉल करा, की टाका, नेट बंद ठेवा. झालं लायसन्स!

पोराने मन लावून काम केलं. दोन वर्षांत शंभरावर चाचण्या. प्रत्येक चाचणीची रेसिपी, वजनं, तापमान, शेरा, सगळं त्या सॉफ्टवेअरमध्ये. मग एके दिवशी लॅपटॉप बिघडला. दुकानदाराने विंडोज नव्याने टाकलं. अँटिव्हायरसने ती की बनवणारी फाइल व्हायरस म्हणून उडवली. (व्हायरस असेलही. चोरीच्या मालाची वॉरंटी कोण देतो?) सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं तर ते म्हणतं, रजिस्टर करा. जुन्या फाइल्स बॅकअपमध्ये आहेत, पण दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडत नाहीत. बनवणाऱ्याला मेल करावा तर काय लिहिणार? ‘साहेब, तुमची चोरलेली वस्तू बंद पडली, दुरुस्त करून द्या’?

मला म्हणाला, ‘‘भाऊ, दोन वर्षं त्या डब्यात अडकली.’’

वडील पडवीत बसले होते. ते म्हणाले, ‘‘वहीत लिव म्हटला होता ना तुला.’’

आता काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीसाठी पोस्ट? ग्लेझला सॉफ्टवेअर कशाला लागतं? वाडवडिलांनी कुठे कॉम्प्युटर वापरला? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर नीट देतो, कारण सगळी गंमत त्यातच आहे.

ग्लेझ, म्हणजे आपण झिलई म्हणतो ती, म्हणजे भांड्यावर वितळवून चिकटवलेली काच. काच होते सिलिकाची, म्हणजे वाळूची. पण नुसती सिलिका वितळायला 1700 अंशांच्या वर जावं लागतं. तेवढ्यात भांडंही जाईल आणि भट्टीही. म्हणून तिच्यात वितळायला मदत करणारे पदार्थ घालतात: चुना, पोटॅश, सोडा, टाकणखार. आणि वितळलेली काच भांड्यावरून ओघळून खाली येऊ नये म्हणून अ‍ॅल्युमिना, जो चिनी मातीतून मिळतो. या तिघांचा तोल जमला तर ग्लेझ. नाही जमला तर एक तर खरखरीत पांढरा थर, नाही तर भट्टीच्या फळीला चिकटलेला मग.

आता एक साधी, जगभर प्रसिद्ध असलेली रेसिपी घ्या. इंग्लंडचे बर्नार्ड लीच नावाचे मोठे कुंभार होऊन गेले, त्यांच्या नावाने ती ओळखली जाते. 40 भाग फेल्डस्पार, 30 भाग सिलिका, 20 भाग खडूची पूड, 10 भाग चिनी माती. चार-तीन-दोन-एक. लक्षात ठेवायला सोपी, आपल्या पुरणाच्या प्रमाणासारखी. पण भट्टीला किलो समजत नाही. भट्टीला रेणू समजतात. जर्मनीत हेरमान सेगर नावाच्या रसायनतज्ज्ञाने 19व्या शतकात याचं गणित बसवलं. वितळवणाऱ्या पदार्थांची बेरीज 1 धरायची आणि बाकीचे त्याच्या तुलनेत मोजायचे. प्रत्येक पदार्थाच्या वजनाला त्याच्या रेणुभाराने भागायचं: फेल्डस्पारला 557, खडूला 100, चिनी मातीला 258, सिलिकेला 60. लीचच्या रेसिपीचं उत्तर येतं: पोटॅश 0.26, चुना 0.74, अ‍ॅल्युमिना 0.41, सिलिका 3.7. मी कॅल्क्युलेटर घेऊन केलं. बारावी सायन्सला रसायनशास्त्रात कसाबसा पास झालेलो माणूस मी, दोन वेळा चुकलो आणि पाऊण तास गेला. सॉफ्टवेअर हे एका सेकंदात करतं. एक आकडा बदला, पुढचं सगळं आपोआप बदलतं.

हे का लागतं? कारण परदेशातली रेसिपी आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही. अमेरिकन पुस्तकात लिहिलेलं असतं ‘कस्टर फेल्डस्पार’, ‘गर्स्टली बोरेट’. पहिला डकोटातला, दुसरा कॅलिफोर्नियाच्या खाणीतला. आपल्याला मिळतो राजस्थानचा फेल्डस्पार, तोही पोत्यावर फक्त ‘फेल्डस्पार’ लिहिलेला. त्यात पोटॅश किती, सोडा किती, दुकानदाराला विचारा. तो तुमच्याकडे बघतो तसं मी तहसील ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज दिल्यावर बघतात. मग माल बदलला की वजन किती बदलायचं? अंदाजाने? एक भट्टी फुकट गेली की गॅस, माल आणि महिनाभराची मेहनत जाते.

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. आपल्याकडे काय नाही? सिंधुदुर्गात कासार्ड्याची सिलिका वाळू आहे, तिचे ट्रक कुठे कुठे जातात ते तुम्हाला माहीत आहे. भाताच्या गिरणीत तुसाची राख पडलेली असते, तिच्यात बहुतेक सगळी सिलिकाच. खाडीकाठी शिंपल्यांचे ढीग आहेत. आपल्या आज्यांच्या काळात त्याच शिंपल्या जाळून घरं बांधायचा चुना करायचे. जांभा तर पायाखालीच आहे, त्यातलं लोखंड ग्लेझला तपकिरी ते काळा रंग देतं. जे अमेरिकेतून नावाने मागवायचं, त्याचे भाऊबंद इथे वाडीत लोळतायत. फक्त ते वापरायला गणित लागतं.

एकच उदाहरण देतो. रेसिपीत 20 किलो खडूची पूड आहे. पोराने ठरवलं, त्याऐवजी शिंपल्यांचा विरलेला चुना घालू. चुना तो चुना! पण खडू भट्टीत जातो तेव्हा त्यातला 44 टक्के भाग वायू होऊन उडून जातो. विरलेल्या चुन्याचं तसं नाही, त्यातून फक्त पाणी जातं. म्हणून 20 किलो खडूच्या जागी साधारण 15 किलो विरलेला चुना पुरतो. त्याने 20 घातला. ग्लेझ पाघळून फळीवर आलं. (शिवाय चुना घातला की ग्लेझचा घोळ दह्यासारखा घट्ट होतो, ती वेगळीच डोकेदुखी.) ही चूक सॉफ्टवेअरने आधी दाखवली असती.

वाडवडिलांचं म्हणाल तर त्यांना हे गणित लागत नव्हतं, कारण ते ग्लेझ करतच नव्हते. एकाच शेतातली माती, एकच आवा, पेंढा आणि लाकूड, सात-आठशे अंशाची भाजणी. त्या मातीचं गणित त्यांच्या बोटांत होतं. ते ज्ञान कमी नव्हतंच. पण राजस्थानचं पोतं, गुजरातचं फ्रिट आणि सिलिंडरचा गॅस हे बोटांना कळत नाही. मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी नावाच्या साहेबाने 1870 च्या दशकात ग्लेझची भांडी करायला सुरुवात केली होती, अजिंठ्याची नक्षी वगैरे काढून. म्हणजे मुंबईला हे येऊन दीडशे वर्षं झाली. मुंबईची बोट तेव्हाही रत्नागिरीला लागायची. हेच तेवढं उतरलं नाही.

आता या सॉफ्टवेअरचा इतिहास थोडक्यात, कारण ‘शेअरवेअर’ हा शब्द नव्या पोरांना माहीत नसतो. 1982 च्या आसपास अमेरिकेत अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ या दोघांनी वेगवेगळी तीच युक्ती काढली: प्रोग्रॅम घ्या, वापरा, मित्रांना द्या, आवडला तर पैसे पाठवा. आपल्याला ओळखीचं उदाहरण म्हणजे विनरार. 40 दिवसांची मुदत संपली म्हणून वीस वर्षं सांगतंय, आपण वीस वर्षं खिडकी बंद करतोय. ग्लेझवाले प्रोग्रॅम याच घराण्यातले. कॅनडात मेडिसिन हॅट नावाच्या गावातल्या टोनी हॅन्सन यांचं इनसाइट, अमेरिकेत सॅन डिएगोला शिकवणारे रिचर्ड बर्केट यांचं मॅकवर चालणारं हायपरग्लेझ, न्यूझीलंडच्या लॉरेन्स यूइंग यांचं मॅट्रिक्स, जॉन हेसलबर्थ यांचं ग्लेझमास्टर. ही नावं का दिली, ते लक्षात घ्या. यातली एकही मायक्रोसॉफ्ट नाही. एकेकटा माणूस, बहुतेक स्वतः कुंभार नाही तर कुंभारकाम शिकवणारा, रात्री बसून प्रोग्रॅम लिहितोय. आपण ज्याची की चोरतो तो बिल गेट्स नाही, तो आपल्या गावातल्या त्या पोराच्याच जातकुळीचा आहे. मातीतला.

इथे मला रत्नागिरीकरांशी जरा भांडायचंय.

2018 मध्ये आपल्या हापूसला जीआय मिळालं. आपण पेढे वाटले. कर्नाटकचा आंबा ‘रत्नागिरी हापूस’ म्हणून वाशीत विकला की आपण किती चिडतो! मी स्वतः त्यावर तीन बातम्या केल्यात. नाव आमचं, मेहनत आमची, पैसा दुसऱ्याला कसा? बरोबर. मग कोणाच्या तरी दहा वर्षांच्या मेहनतीचं फोल्डर कॉपी-पेस्ट करताना हा राग कुठे जातो? बागायतदार गिऱ्हाईकाला फोड कापून देतो, चव बघा म्हणतो. चव आवडली म्हणून तुम्ही पेटी उचलून चालू लागता का? शेअरवेअर म्हणजे ती फोड आहे.

मी सोवळा नाही, आधीच सांगतो. 2000 साली डिप्लोमा करून मी एका साप्ताहिकात चिकटलो. आता ते बंद आहे, नावाला अर्थ नाही. तिथे मराठी फाँटचं सॉफ्टवेअर एक विकत घेतलेलं, आणि चार मशीनवर कुणा ‘एक्स्पर्ट’ने डोंगलशिवाय चालवून दिलेलं. आम्ही त्याला हुशारी म्हणायचो. आज त्या अंकांच्या फाइल्स माझ्याकडे सीडीवर आहेत. उघडल्या की ‘´ÖÆüÖ¸üÖ™Òü’ असली अक्षरं दिसतात. नऊ वर्षांच्या बातम्या, त्यात 2005 च्या जुलैच्या पावसाचे अंक. सगळं आहे आणि काहीच नाही. सॉफ्टवेअर रीतसर असतं तर निदान कंपनीकडे जाऊन नव्या युनिकोडमध्ये बदलून द्या म्हणता आलं असतं. चोराला कस्टमर केअर नसतं. त्या पोराचं तोंड बघून मला माझ्या सीड्या आठवल्या, म्हणून ही पोस्ट.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण प्रशिक्षण देणारे सर हे कधी सांगत नाहीत. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63-ब. चोरीची प्रत आहे हे माहीत असून प्रोग्रॅम वापरला तर किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. पण हे पोर मग विकतं, म्हणजे धंदाच. कॅनडाचा माणूस रत्नागिरीला येऊन केस करणार नाही, हे मलाही कळतं. पण ज्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा आहे, तिथे गुन्ह्याचं साहित्य सर्टिफिकेटसोबत वाटलं जातं, याची कुणाला लाज?

‘‘अहो, पण गरीब कुंभाराने डॉलर भरायचे का?’’ हा प्रश्न एका अधिकाऱ्यानेच मला विचारला. साहेब, त्याने भरावेत असं मी म्हणतच नाही. तुम्ही भरा!

आणि भरायचे म्हटले तरी ते सोपं नाही, हेही ऐका. पोराने आता खरंच रीतसर घ्यायचं ठरवलं. जुन्या पद्धतीचं सॉफ्टवेअर एकदा पैसे भरले की तुमचं, पण की त्या एका कॉम्प्युटरला बांधलेली, आणि विंडोजच हवं. नव्या पद्धतीचं वेबसाइटवर, वर्षाची वर्गणी. वर्गणी भरायला डेबिट कार्ड काढलं तर व्यवहार नामंजूर. का? तर रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी 2020 च्या आदेशाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, आपण जाऊन चालू करायचे. फसवणूक थांबावी म्हणून केलंय, चूक नाही. बँकेत गेला. काउंटरवर विचारलं, ‘‘परदेशात कशाला पैसे पाठवतोस?’’ म्हणाला, ‘‘ग्लेझसाठी.’’ ‘‘म्हणजे?’’ बिचारा परत आला. दरवर्षी आपोआप पैसे कापले जावेत तर ऑक्टोबर 2021 पासून त्याचेही वेगळे नियम. चोरी करायला पाच मिनिटं, प्रामाणिक राहायला तीन आठवडे.

सरकार पैसे खर्च करत नाही असं नाही. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभार सशक्तीकरण योजना 2018 पासून आहे, विजेची चाकं, माती कालवायची यंत्रं देतात. सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा आहे. 18 व्यवसायांत कुंभार आहे, 15 हजारांचं टूलकिट, प्रशिक्षणाला दिवसाला 500 रुपये, आधी एक आणि मग दोन लाखांचं 5 टक्क्यांनी कर्ज. चांगल्या योजना आहेत. विजेच्या चाकाने कुंभाराचा खांदा वाचतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण मी बातमीदार म्हणून ज्या दोन-तीन प्रशिक्षणांना बसलो, तिथे ग्लेझ म्हणजे शेवटच्या दिवशी तासभर. तयार पावडर आणा, पाण्यात कालवा, भांडं बुडवा. गणिताचं नाव नाही. कारण साधं आहे. चाकाला हार घालता येतो, नारळ फोडता येतो, आमदारांना फिरवून दाखवता येतं. लायसन्सला हार कसा घालणार? सॉफ्टवेअरचा लोकार्पण सोहळा होत नाही, म्हणून ते बजेटमध्ये येत नाही, म्हणून ते पेन ड्राइव्हमधून येतं.

आणि हे फक्त रंगरूपाचं, चकाकीचं प्रकरण असतं तर मी एवढं तावातावाने लिहिलं नसतं. आता जे सांगतो ते विशेषतः लोणची-आगळवाल्या ताईंनी वाचावं.

कमी तापमानाला चकचकीत ग्लेझ करायचा जगातला सगळ्यात जुना, स्वस्त आणि सोपा उपाय म्हणजे शिसं. शिशाने ग्लेझ लवकर वितळतं, सुंदर चमकतं, चुका लपवतं. आपण मारुतीला लावतो तो जुन्या प्रकारचा शेंदूर म्हणजे शिशाचाच ऑक्साइड. हे ग्लेझ नीट बांधलेलं नसेल तर आंबट पदार्थात शिसं उतरतं. त्यात हिरव्या रंगासाठी तांबं घातलं तर आणखी जास्त उतरतं. आणि आपण बरणीत काय ठेवतो? कैरीचं लोणचं. कोकमाचं आगळ. महिनेच्या महिने! लहान मुलांच्या मेंदूला शिशाचं काय होतं ते डॉक्टरांना विचारा. तपासणीची पद्धत जगभर ठरलेली आहे: भांड्यात 4 टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे पातळ व्हिनेगरच, 24 तास ठेवायचं आणि त्यात किती शिसं आणि कॅडमियम उतरलं ते मोजायचं.

लगेच घरातली आजीची बरणी फोडू नका. उंच तापमानाला, बाराशे अंशांच्या वर भाजलेल्या ग्लेझला शिशाची गरजच नसते. माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्या पोराची भट्टी अकराशेच्या आसपास अडखळत होती. गॅस परवडेना. एका व्यापाऱ्याने त्याला सांगितलं, ‘‘ही पावडर घे, हजारावरच चमकते.’’ पावडरीत काय आहे? पिशवीवर फक्त नंबर. ज्या पोराला स्वतः हिशोब करता येतो तो म्हणतो, मला घटक सांग, नाही तर नको. टाकणखाराचं, म्हणजे बोरॉनचं फ्रिट वापरून शिशाशिवाय तापमान खाली आणता येतं, पण किती घालायचं ते गणिताने कळतं. ज्याला हिशोब येत नाही तो चमक बघतो आणि पोतं उचलतो. मग ती बरणी बचत गटाकडे, बचत गटाकडून मुंबईच्या गिऱ्हाइकाकडे.

तसंच ग्लेझला बारीक तडे जाण्याचं. मगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात ना, त्या. गिऱ्हाईक म्हणतं, वा, अँटिक! अहो, ग्लेझ थंड होताना भांड्यापेक्षा जास्त आकसलं की ते तडकतं. सोडा, पोटॅश जास्त झाले की हे होतं. त्या तड्यांतून तेल आणि मीठ आत मुरतं, बरणी कुबट वास मारते. ग्लेझ किती आकसेल याचाही अंदाज ही सॉफ्टवेअर देतात. अंदाजच देतात बरं का. सॉफ्टवेअरने सांगितलं म्हणून बरणी सुरक्षित होत नाही, चाचणी करावीच लागते. आत टाकलेली माहिती चुकीची तर उत्तरही चुकीचं. पोत्यातल्या फेल्डस्पारचं पृथक्करण माहीत नसेल तर कॅनडाचं लायसन्स घेतलंत काय आणि चोरलंत काय, सारखंच.

म्हणून माझी मागणी ‘कुंभारांना सॉफ्टवेअर वाटा’ एवढीच नाही. तशी मागणी केली तर उद्या टेंडर निघेल आणि कुणाचा तरी मेहुणा ते बनवेल.

पहिलं म्हणजे सरकारी पैशाच्या कुठल्याही प्रशिक्षणात चोरीचं सॉफ्टवेअर चालणार नाही, हे लेखी काढा. दुसरं, वर्गणी भरायची तर संस्थेच्या नावाने एकत्र भरा, पोराला बँकेत ‘ग्लेझ म्हणजे काय’ हे समजावायला लावू नका. आणि खरं तर तेवढंही लागणार नाही. चीनच्या जिंगडेझेन या चिनीमातीच्या माहेरघरात राहून काम केलेल्या डेरेक आऊ नावाच्या माणसाने ग्लेझी नावाची वेबसाइट केलीय. मोबाइलवर चालते, जगभरच्या कुंभारांनी हजारो रेसिपी तिथे उघड ठेवल्यात, हिशोब होतो, पैसे पडत नाहीत. हे त्या प्रशिक्षणाच्या सरांना माहीत नव्हतं का? की फुकट आणि रीतसर मिळतं त्यापेक्षा चोरून मिळालेलं जास्त भारी वाटतं आपल्याला?

तिसरी मागणी माझी सगळ्यात जिव्हाळ्याची. ती वेबसाइट काय, बाकीची सॉफ्टवेअर काय, मुख्यतः इंग्रजीत आणि त्यांत माल बहुतेक परदेशचा. कासार्ड्याची वाळू त्या यादीत नाही. आपला जांभा नाही. तुसाची राख असेल पण आपल्या गिरणीची नाही. हे भरायला अमेरिकन येणार नाही. गोगटे-जोगळेकर कॉलेजात रसायनशास्त्राचा विभाग आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. दरवर्षी मुलं प्रोजेक्ट शोधत असतात आणि नेटवरून उचलून छापतात. त्यांना द्या ना हे! दहा ठिकाणचा जांभा, पाच गिरण्यांची राख, तीन खाड्यांच्या शिंपल्या. इथे तपासता येत नसेल तर नमुने वर्ध्याच्या महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेकडे नाही तर कोलकात्याच्या काच आणि सिरॅमिक संशोधन संस्थेकडे पाठवा, दोन्ही केंद्र सरकारच्याच आहेत. एकदा आकडे आले की एक पानाचा तक्ता, मराठीत, कुंभाराच्या पडवीत लावता येईल असा. तो तक्ता आला की साध्या एक्सेलमध्येही हे गणित होतं. मी म्हणतो ते खरं वाटत नसेल तर कॉमेंटमध्ये या, लीचच्या रेसिपीची शीट देतो.

हो, शीट केली मी. मराठीत. फेल्डस्पार, सिलिका, खडू, विरलेला चुना, चिनी माती, एवढेच पाच रकाने. मास्तर असलेल्या एका मित्राने सूत्रं तपासून दिली. लायसन्स वगैरे काही नाही, घ्या, वाटा, चूक सापडली तर सांगा. वडिलांनी ती शीट बघितली, त्यांना आकडे कळले नाहीत, पण विचारलं, ‘‘ह्यात आमच्या मळ्यातली माती खंय?’’ त्या प्रश्नाला अजून माझ्याकडे रकाना नाही.

पोराने पुन्हा सुरुवात केलीय. या वेळी रेसिपी वहीत आणि शीटमध्ये, दोन्हीकडे. विरलेला चुना 15 किलोच्या हिशोबाने घेतलाय आणि सिलिकेच्या जागी थोडी राख घालून बघायचीय. येत्या शनिवारी भट्टी लावतो म्हणालाय. त्याला तुसाची चांगली पांढरी जळलेली राख हवीय, काळी नको. तुमच्या वाडीतल्या गिरणीत असेल तर फेकू नका, मला इनबॉक्स करा. दोन पोती पुरतील, गाडी घेऊन मी येतो.